विश्लेषण : एसजीपीटी नॉर्मल, तरीही यकृतात चरबी कशी? उंदीर, मांजर आणि बदके काय सांगतात?

रक्ततपासणीत यकृताचे आकडे मर्यादेत, पण सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा. हा विरोधाभास अनेकांना गोंधळात टाकतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रयोगशाळेतील प्राण्यांवरच्या संशोधनातून मिळाले आहे. यातील एक प्रयोग तर मुंबईच्या उपनगरांतील संस्थांनीच केला. प्राण्यांचा आहार बदलला की यकृताच्या विकरांचे काय होते आणि त्यातून आपल्या रिपोर्टबद्दल काय कळते, याचा हा आढावा.

विक्रोळीतील कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट किंवा एलबीएस मार्गावरची कार्यालये, कुठेही हे चित्र ओळखीचे वाटेल. कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी होते. सकाळी उपाशीपोटी रक्त दिले की संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते. बहुतेक जण आधी ठळक अक्षरांत छापलेले, म्हणजे मर्यादेबाहेरचे आकडे शोधतात. एसजीपीटी ३६, एसजीओटी ३६, दोन्ही मर्यादेत. सुटलो असे वाटते. पुढच्या पानावर मात्र सोनोग्राफीचा शेरा असतो, ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. मग यातले खरे कोणते? दोन्ही खरे असू शकतात. कारण या दोन तपासण्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणजे नेमके काय?

एसजीपीटी आणि एसजीओटी ही विकरे, म्हणजे एन्झाइम आहेत. त्यांची नवी नावे अनुक्रमे एएलटी आणि एएसटी. अमिनो आम्लांची देवाणघेवाण घडवून आणणे हे त्यांचे काम असून ते पेशींच्या आत चालते. पेशीचे आवरण शाबूत असेल तर ती रक्तात फार थोडी उतरतात. पेशीला इजा झाली किंवा ती मेली की आतला साठा रक्तात गळतो आणि आकडा वाढतो.

एसजीपीटीचा माणसातील मोठा साठा यकृतात असतो. एसजीओटी मात्र हृदय, स्नायू आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी रक्तातील एसजीओटी प्रथम चर्चेत आणले, ते हृदयविकाराच्या झटक्याच्या संदर्भात. यकृताच्या आजारांसाठी तिचा आणि एसजीपीटीचा उपयोग त्यानंतर रूढ झाला. आजही जिममध्ये जड व्यायाम केल्यानंतर लगेच रक्त दिले तर एसजीओटी वाढलेले दिसू शकते.

थोडक्यात, ही विकरे ‘पेशींना सध्या इजा होते आहे का’ एवढेच सांगतात. पेशींत चरबी किती साठली आहे, हे ती मोजत नाहीत.

मग प्राण्यांवर प्रयोग कशासाठी?

यकृतात चरबी किती, दाह किती, जखमा भरताना तंतू किती तयार झाले, हे खात्रीने पाहायचे तर यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. रिपोर्ट चांगला आलेल्या माणसाची बायोप्सी कोणी करत नाही. त्यामुळे ‘आकडे नॉर्मल आणि आत चरबी’ या गटाचा अभ्यास माणसात अवघड जातो. प्राण्यांमध्ये आहार ठरवता येतो, ठराविक आठवड्यांनी रक्त घेता येते आणि शेवटी यकृत प्रत्यक्ष तपासता येते. रक्तातला आकडा आणि यकृतातली स्थिती समोरासमोर ठेवून पाहता येते.

या संशोधनाची सुरुवात एका योगायोगातून झाली. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना इन्सुलिन देऊन जगवता येऊ लागले. पण या कुत्र्यांच्या यकृतात चरबी भरत असल्याचे दिसले. इन्सुलिनच्या शोधातील एक शास्त्रज्ञ चार्ल्स बेस्ट यांनी हा धागा पुढे नेला. आहारात लेसिथिन दिले की चरबी कमी होते आणि लेसिथिनमधला कोलिन हा घटक त्यासाठी महत्त्वाचा आहे, हे त्यांच्या गटाने १९३२ च्या सुमारास दाखवले. यकृतातली चरबी बाहेर पाठवण्यासाठी जी ‘गाडी’ लागते, तिच्या बांधणीत कोलिनचा वाटा असतो. ती नसेल तर माल गोदामातच पडून राहतो. अंड्याचा पिवळा बलक, सोयाबीन ही कोलिनची नेहमीच्या जेवणातली उदाहरणे.

आहार बदलला की आकडे कसे बदलतात?

आज प्रयोगशाळांत प्रामुख्याने तीन प्रकारचे आहार वापरले जातात. तिन्हींत यकृतात चरबी साठते, पण विकरांचे चित्र वेगवेगळे दिसते.

• जास्त चरबीचा आहार : यात सुमारे ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळतात. उंदीर लठ्ठ होतात, इन्सुलिनला दाद देईनासे होतात, यकृत चरबीने भरते. एसजीपीटी मात्र बऱ्याचदा थोडेच वाढते आणि तेही अनेक आठवड्यांनी.

• कोलिन आणि मेथिओनिन नसलेला आहार : यात काही आठवड्यांतच चरबी, दाह आणि एसजीपीटीत मोठी वाढ दिसते. पण हे उंदीर लठ्ठ होत नाहीत, उलट त्यांचे वजन झपाट्याने घटते. मधुमेहाची पार्श्वभूमी त्यांच्यात तयार होत नाही.

• पाश्चात्त्य धाटणीचा आहार : सुमारे ४० टक्के उष्मांक चरबीतून, सोबत फ्रुक्टोज ही साखर आणि २ टक्के कोलेस्टेरॉल. यात लठ्ठपणा, दाह आणि पुढे फायब्रोसिस, म्हणजे यकृतात तंतू जमणे, हे सारे दिसते. पण त्यासाठी सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. पूर्वी या आहारात ट्रान्स फॅट वापरत. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर त्याजागी पाम तेल आले. आपल्याकडच्या तळणाच्या कढईतही हेच तेल सर्रास असते.

लठ्ठ उंदराचे यकृत चरबीने भरलेले आणि आकडा जेमतेम वाढलेला, तर रोडावलेल्या उंदराचा आकडा कितीतरी पट. म्हणजे आकड्यावरून चरबीचा अंदाज बांधता येत नाही आणि वजनावरून आकड्याचा नाही.

चरबी असूनही पेशी का फुटत नाहीत?

यकृताच्या पेशीत चरबी प्रामुख्याने ट्रायग्लिसराइडच्या थेंबांच्या रूपात साठते. हे थेंब तुलनेने निरुपद्रवी असतात. जास्त त्रास होतो तो थेंबात न बांधल्या गेलेल्या मोकळ्या मेदाम्लांचा आणि त्यातून होणाऱ्या रासायनिक ताणाचा.

२००७ मध्ये ‘हेपॅटोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. लठ्ठ उंदरांच्या यकृतात ट्रायग्लिसराइड तयार करणारे एक विकर संशोधकांनी दाबून ठेवले. अपेक्षेप्रमाणे यकृतातली चरबी कमी झाली. पण मोकळी मेदाम्ले वाढली आणि यकृताची इजा व फायब्रोसिस उलट बळावले. चरबीचा थेंब ही काही प्रमाणात यकृताची बचावाची सोय असते, असा त्याचा अर्थ. थेंब साठवण्याची क्षमता टिकून आहे तोवर आकडे शांत राहू शकतात.

दुसऱ्या टोकालाही आकडे फसवतात. आजार फार पुढे गेला, यकृताचा मोठा भाग तंतूंनी व्यापला की फुटण्यासाठी पेशीच कमी उरतात. सिरोसिस झालेल्या काही रुग्णांत एसजीपीटी म्हणूनच मर्यादेत दिसते.

मुंबईच्या उपनगरांत कोणता प्रयोग झाला?

सांताक्रूझ येथील एसएनडीटी विद्यापीठाचे सी. यू. शाह कॉलेज ऑफ फार्मसी आणि विलेपार्ले येथील कस्तुरबा हेल्थ सोसायटीचे वैद्यकीय संशोधन केंद्र यांच्यातील संशोधकांनी २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डॉ. अशोक वैद्य आणि डॉ. रमा वैद्य हे त्याच्या लेखकांपैकी होते. विषय होता कुटकी. हिमालयात उगवणारी ही कडू वनस्पती आयुर्वेदात यकृताच्या विकारांसाठी वापरली जाते.

जास्त चरबीचा आहार देऊन उंदरांच्या यकृतात चरबी वाढवण्यात आली. नंतर काहींना कुटकीचा अर्क, तर काहींना सिलीमारिन हे तुलनेसाठीचे औषध देण्यात आले. कोणतेही औषध न दिलेल्या गटात यकृताच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १३० मिलिग्रॅम मेद आढळला. प्रतिकिलो ४०० मिलिग्रॅम कुटकी दिलेल्या गटात तो सुमारे २९ मिलिग्रॅम, तर सिलीमारिनच्या गटात सुमारे ५८ मिलिग्रॅम होता.

येथे यकृतातला मेद थेट मोजला गेला, हे लक्षात घेण्याजोगे. नुसत्या रक्ताच्या आकड्यांवर विसंबले असते तर ‘चरबी किती कमी झाली’ याचे उत्तर मिळाले नसते.

म्हणजे कुटकी घ्यायची का?

स्वतःच्या मनाने नाही. याची कारणे दोन. पहिले कारण मात्रेचे. उंदराची मात्रा माणसाच्या वजनाने सरळ गुणली तर ६० किलोच्या व्यक्तीला २४ ग्रॅम येते. औषधशास्त्रातील रूपांतराच्या सूत्राने ती साधारण ४ ग्रॅमवर येते, कारण उंदराच्या शरीरातील चयापचयाचा वेग माणसापेक्षा बराच जास्त असतो. हे सूत्रही फक्त चाचणीची सुरुवात कुठून करायची यासाठी असते, घरगुती उपचारासाठी नाही. शिवाय उंदरांवरचे यश माणसात टिकतेच असे नाही.

दुसरे कारण मुंबईनेच पाहिले आहे. करोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान, मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञ डॉ. आभा नागरळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. वाद बाजूला ठेवला तरी ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हे समीकरण धरून चालता येत नाही. कोणताही काढा किंवा चूर्ण सुरू असेल तर रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना ते सांगणे आवश्यक आहे.

मांजर, गाय, कोंबडी, बदक : प्रत्येकाचा आकडा वेगळा का?

कोणत्या प्राण्याच्या यकृतात कोणते विकर किती, आणि रक्तात आल्यावर ते किती वेळ टिकते, यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो.

• मांजर : लठ्ठ मांजराने काही दिवस खाणे सोडले की अंगावरची चरबी यकृताकडे धावते आणि यकृत तिच्या ओझ्याखाली दबते. यात एएलपी हे विकर खूप वाढते, पण जीजीटी फारसे हलत नाही. अनेक यकृतविकारांत ही दोन्ही सोबत वाढतात, त्यामुळे ही तफावत पशुवैद्यांसाठी मोठी खूण असते. कुत्र्याच्या रक्तात एएलपी निम्मे व्हायला सुमारे तीन दिवस लागतात, मांजरात साधारण सहा तास. म्हणून मांजरातली थोडी वाढही गांभीर्याने घेतली जाते.

• गाय : व्यायल्यानंतर दूध वाढते, पण खाणे तेवढे वाढत नाही. शरीर चरबी वितळवते आणि ती यकृतात साठते. गायीच्या यकृतात एसजीपीटी मुळातच कमी असल्याने ते येथे कुचकामी ठरते. पशुवैद्य एएसटी, जीजीटी, जीएलडीएच पाहतात.

• अंडी देणारी कोंबडी : पिंजऱ्यात हालचाल कमी आणि खाद्यातून ऊर्जा जास्त. चरबीने ठिसूळ झालेले यकृत फाटून आतल्या आत रक्तस्राव होतो. अनेकदा पहिले लक्षण म्हणजे कोंबडी मेलेली सापडणे.

• बदक आणि हंस : ‘फ्वा ग्रा’ या फ्रेंच पदार्थासाठी त्यांना नळीने बळजबरीने मका भरवतात. साधारण दोन आठवड्यांत बदकाचे यकृत मूळ आकाराच्या कितीतरी पट होते. भारताने जुलै २०१४ मध्ये या पदार्थाच्या आयातीवर बंदी घातली.

घरी मांजर असणाऱ्यांसाठी यातून थेट सूचना निघते. जाड मांजराचे खाणे एकदम तोडून ‘डाएट’ करू नये. त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, हा त्यासाठीचा जुना पत्ता. अशा मांजरावरचा मुख्य उपचार म्हणजे त्याला पुन्हा अन्न देणे, गरज पडल्यास नळीने.

प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू?

यकृतात काय घडते हे समजण्यासाठी ते उपयोगी पडतात, पण औषधाचा परिणाम माणसात काय होईल याची हमी ते देत नाहीत. उंदराला काही आठवड्यांत जो आजार होतो, तो माणसात १०-२० वर्षे हळूहळू वाढतो. त्यात मधुमेह, झोप, मद्य, आनुवंशिकता असे अनेक घटक मिसळलेले असतात. उंदरांत उत्तम ठरलेली अनेक औषधे माणसांवरच्या चाचण्यांत मागे पडली. भारतात सॅरोग्लिटाझार या अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या औषधाला मार्च २०२० मध्ये, तर अमेरिकेत रेसमेटिरोम या औषधाला मार्च २०२४ मध्ये फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यासाठी मान्यता मिळाली.

प्रयोगांना कायद्याचे बंधनही आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. त्याखालील केंद्रीय समितीच्या नियमांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घ्यावी लागते. औषधचाचण्यांच्या नियमांत २०२३ मध्ये बदल करून मानवी पेशींपासून बनवलेल्या छोट्या अवयवसदृश नमुन्यांसारखे पर्यायही मान्य करण्यात आले.

मुंबईत हा आजार किती?

बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी रेल्वे वसाहतींतील १,१६८ जणांची पाहणी केली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १७ टक्के लोकांना मद्याशी संबंध नसलेले फॅटी लिव्हर आढळले. पुरुषांतील प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त होते. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झालेले डॉक्टर ते हेच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. देशात याचे प्रमाण ९ ते ३२ टक्के असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. २०२३ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी त्याचे नाव बदलून ‘एमएएसएलडी’ केले. आजाराचे मूळ चयापचयात आहे, हे नव्या नावातून स्पष्ट होते.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहावे?

डॉक्टर केवळ एसजीपीटी न पाहता ‘फिब-४’ हे गणित वापरतात. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. उत्तर १.३ पेक्षा कमी असेल तर फायब्रोसिसचा धोका कमी, २.६७ पेक्षा जास्त असेल तर धोका मोठा. मधल्यांना पुढची तपासणी, बहुतेकदा फायब्रोस्कॅन, सुचवली जाते. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात.

सुरुवातीचाच रिपोर्ट घेऊ. एसजीपीटी ३६, एसजीओटी ३६. वय ४५ आणि प्लेटलेट २.५ लाख असतील तर उत्तर १.०८ येते. तेच दोन आकडे ५८ वर्षांच्या व्यक्तीचे असतील आणि प्लेटलेट १.४ लाख असतील तर उत्तर २.४९. दोघांच्याही रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नसेल, कदाचित प्लेटलेट सोडून. पण पहिल्याला वजनावर लक्ष ठेवायचे आहे आणि दुसऱ्याने डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे.

• सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असेल तर साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि कमरेचा घेर तपासावा. हिपॅटायटिस बी आणि सी नाहीत ना, हेही पाहावे लागते.

• लॅबची वरची मर्यादा ४०-५० असली तरी अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये निरोगी एसजीपीटीची वरची मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ अशी सुचवली आहे.

• वजन ५ टक्के घटले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांनी दाह उतरतो आणि १० टक्क्यांच्या पुढे फायब्रोसिसही मागे हटू शकते. ८० किलोच्या व्यक्तीसाठी पहिला टप्पा ४ किलोंचा.

• वजन हळूहळू घटवावे. उपासमारीने शरीरातली चरबी यकृताकडे कशी वळते, हे मांजर आणि गायीच्या उदाहरणांत दिसते.

• गोड पेये, तळण आणि मद्य कमी करणे हा औषधाआधीचा उपाय आहे.

सुरुवातीच्या टप्प्यातले फॅटी लिव्हर उलटवता येते. जबरदस्तीचे खाद्य थांबवल्यावर बदकांचे यकृतही पुन्हा पूर्वस्थितीकडे येत असल्याचे दिसले आहे. माणसाच्या ताटात काय वाढायचे, हे मात्र त्याचे त्यालाच ठरवता येते. म्हणून ‘आकडे नॉर्मल आहेत’ म्हणून पीडीएफ बंद करण्याआधी सोनोग्राफीचे पान आणि प्लेटलेटचा आकडा एकदा पाहून घ्यावा.